बारा टपालांत पैलवान

मी जन्मात एकदाच कुस्ती खेळलो. ती कोल्हापुरात खेळलो, अंगात कोट असताना खेळलो आणि सहा फुटी पैलवानाला चीत करून घरी चहाला परत आलो. यावर आजवर कोणी विश्वास ठेवलेला नाही. तुम्हीही ठेवणार नाही, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

राजारामपुरीतल्या आमच्या ओट्यावर संध्याकाळी मंडळी जमतात. त्यांत पिठाच्या गिरणीवाला पिराजी असतो. त्याने ही हकीकत इतक्यांदा ऐकली आहे की मी कुठे अडखळलो तर तो पुढचं वाक्य पुरवतो. परवा त्याने आपल्याबरोबर एक पावणं आणलं होतं. चांगलं थोराड म्हातारं माणूस, हातात काठी, कानांवरून घट्ट मफलर. मफलर पाहून मला वाटलं, यांना कमी ऐकू येत असावं. म्हणून मी सगळी गोष्ट पहिल्यापासून आणि नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात सांगितली. आत सौभाग्यवतींचं शिवणाचं मशीन खडखडत होतं, त्याच्याही वरताण आवाज लावावा लागला. ते मशीन या गोष्टीत आहेच.

तर साल बावन्न-त्रेपन्न. मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून. लग्नाला थोडे दिवस झालेले. मीनाक्षीला शिवणाचं मशीन हवं होतं. तिने ते कधी मागितलं नाही. मागितलं असतं तर मला नाही म्हणता आलं असतं. पण मशीनच्या दुकानावरून जाताना तिची चाल मंद व्हायची आणि दुकान मागे पडलं की ती म्हणायची, “काय गर्दी आहे हो रस्त्याला!” रस्त्यात आम्ही दोघं आणि एक म्हैस.

त्या काळी साप्ताहिकांतून जाहिराती येत. घरबसल्या अत्तरं बनवा. टपालाने संमोहन शिका. कुणी एक प्रोफेसर तर मनिऑर्डर मिळताच आवाज गोड करण्याची युक्ती पाठवत असे. मी विचार केला, हे लोक विकतात काय? नुसती माहिती! ना गोदाम, ना तराजू, ना उधारीचं गिऱ्हाईक. आणि बाहेरगावचे लोक कोल्हापूरकडे तीन गोष्टी मागतात: गूळ, वहाणा आणि कुस्ती. पहिल्या दोन पार्सलने जात होत्या. तिसरी अजून कोणी पाठवली नव्हती.

मी कुस्तीची माहिती गोळा करायला लागलो. आमच्या वाटेवर एक तालीम होती. तिला रस्त्याच्या बाजूने एक खिडकी होती, आणि माझं सगळं शिक्षण त्या खिडकीतून झालं. शिवाय सकाळी गंगावेशीत म्हशी पिळतात तिथे धारोष्ण दूध प्यायला पैलवान येतात. त्यांच्या शेजारी मीही पेला घेऊन उभा राहायचो आणि सहज विचारल्यासारखं विचारायचो, “कलाजंग डावात पाय आधी की मान आधी?” पैलवान मोठी दिलदार माणसं. दुधाच्या एका पेल्यात ढाक सांगत, दुसऱ्यात धोबीपछाड. मला मात्र धारोष्ण दूध सोसत नाही. विद्येसाठी मी जे सोसलं ते सभ्य मंडळीत सांगण्यासारखं नाही.

अशी बारा प्रकरणं तयार झाली, एका टपालात एक. ‘बारा टपालांत पैलवान. घरबसल्या कुस्ती. जोडीदाराची गरज नाही.’ लेखकाचं नाव: वस्ताद नरसिंगराव. माझं नाव नृसिंह आहेच, त्याला मी थोडा व्यायाम दिला इतकंच. जोडीदार नसेल तिथे अंथरुणाची वळकटी घ्यावी, अशी सूचना पहिल्याच टपालात होती.

शेजारी दादा राहत. कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. पेन्शन घ्यायची आणि सल्ला द्यायचा, असा त्यांचा दिनक्रम. जाहिरातीचा मसुदा त्यांनी चष्मा पुसून वाचला.

“‘फायदा न झाल्यास पैसे परत’ हे वाक्य कापा,” दादा म्हणाले.

“का? सगळे लिहितात.”

“सगळे बुडतील. असं लिहिलं की पैसे परत द्यावे लागतात, नृसिंहराव. त्याऐवजी लिहा, ‘शंका असल्यास वस्तादांना समक्ष भेटावे.’ अहो, टपालाने कुस्ती शिकणारा माणूस घरातून उठून कोल्हापूरला येणार आहे का?”

मला हे पटलं. दादांचं बोलणं लगेच पटतं, हाच त्यांच्यात दोष आहे.

डावांची चित्रंही दादांच्याच सल्ल्याने झाली. छापखान्याचे ठसे महाग, म्हणून त्यांनी त्यांच्या ओळखीचा सुतार दिला. हा सुतार पाट-चौरंगांवर वेलबुट्टी कोरायचा. हात मोठा सुबक. माझी चित्रं समोर ठेवून त्याने ती लाकडात हुबेहूब कोरली. आता ठसा हा उलटा कोरायचा असतो, म्हणजे कागदावर सुलटा उठतो, ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती. चौरंग काही छापायचा नसतो. त्यामुळे आमच्या बाराही टपालांत उजव्या हाताचं काम डावा हात करू लागला आणि डाव्या पायाचं उजवा पाय. मला हे कळलं नाही. ज्याने फक्त खिडकीतून कुस्ती पाहिली त्याला कुठली बाजू कुठली, हे काय कळावं!

आणि जाहिरात चालली. रत्नागिरीहून मागण्या आल्या, वऱ्हाडातून आल्या, बेळगावकडून तर ढिगाने आल्या. पोस्टमन गुंडू आमच्याकडे पाणी प्यायला बसू लागला, कारण ओझं खाली ठेवायला ते एक निमित्त होतं. पहिल्या आलेल्या पैशांतून मशीन आलं. हप्त्यावर. हप्ता चुकला तर दुकानदाराचा माणूस मशीन उचलून नेणार, असा करार. मीनाक्षीने मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि त्या दिवसापासून गल्लीतल्या पोलक्यांवर तिचं राज्य सुरू झालं. तिच्या शिलाईत घरात साखर यायची, पण हप्ता मात्र माझ्या पैलवानांच्या जिवावर जायचा.

शिष्यांची पत्रं यायची. एकाने लिहिलं, “वळकटी चीत केली आहे. आता पुढे काय?” दुसऱ्याने लिहिलं की सातव्या टपालातला डाव करताना गादी फाटली असून मंडळी माहेरी गेली आहेत, तरी उपाय कळवावा. आणि एक दिवस मालवणकडून तार आली: “जत्रेत तीन कुस्त्या मारल्या. वस्तादांचा विजय असो.” माझा मलाच घाम फुटला. झालं होतं असं, की समोरच्या पैलवानाने जन्मात डावरी कुस्ती पाहिलेली नव्हती. हा कुठून हात घालतो हे कळेपर्यंत तो आभाळ बघत पडलेला असायचा.

इथवर ठीक होतं. पण सहाव्या टपालाचं नाव मी ठेवलं होतं ‘पकड आणि सुटका’. ते कळंब्याच्या तुरुंगातल्या एका कैद्याने मागवलं.

तिथल्या अधिकाऱ्याचं मला पत्र आलं. भाषा अत्यंत सभ्य. सदर सुटका कोणत्या प्रकारची आहे, तीस भिंत लागते काय, याचा खुलासा व्हावा. मी सवयीने कचेरीच्या कागदावर खुलासा केला. त्यावरून आमच्या कचेरीलाही विचारणा आली: सदर वस्ताद आपल्याकडे नोकरीस आहेत काय? ती आवकेत नोंदवली मीच. मग साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलीही मीच.

साहेबांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही, कारण पाहण्यासारखं थोडंच होतं.

“तुम्ही वस्ताद?”

“हो साहेब. फावल्या वेळात.”

“सरकारी नोकराला धंदा करता येत नाही. पण कला शिकवायला परवानगी मिळू शकते. कुस्ती ही कला आहे. ती तुम्हाला येते असा तालमीचा दाखला सोमवारपर्यंत जोडा. नाही जोडलात तर हा धंदा समजला जाईल आणि त्याच दिवशी बंद होईल.”

बंद म्हणजे हप्ता बंद. हप्ता बंद म्हणजे मशीन परत. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मीनाक्षी उठली. मशीनवर झाकण घातलं, मग झाकण काढलं, आणि उगाचच तेल दिलं.

दाखल्यासाठी मी त्याच खिडकीवाल्या तालमीत गेलो. या वेळी दारातून. तिथले वस्ताद आकाराम. मातीत घासून-मोडून त्यांचे दोन्ही कान वाळक्या अंजिरासारखे झालेले. जुन्या पैलवानाची हीच खूण. अंजीर जितकं वाळकं तितका माणूस मोठा.

“दाखला?” आकाराम वस्ताद म्हणाले. “कसला दाखला? हितं कागद न्हाय, माती हाय. उतरा मातीत. मग देतो.”

“माझी प्रकृती जरा—”

“ती दिसतीया.”

मी म्हणालो, “वस्तादाची परीक्षा शिष्यावरून करतात. माझा शिष्य उतरेल.” हे मी का म्हणालो, देव जाणे. माझे शिष्य सगळे टपालात होते.

“बरं,” वस्ताद म्हणाले. “रविवारी सकाळी आणा तुमचा पठ्ठ्या. आमच्या पोराशी लावू. धरला तग, तर दाखला घ्या.”

आणि शनिवारी दुपारी दार वाजलं. दारात एक माणूस उभा. उभा म्हणजे दाराच्या चौकटीत मावण्यासाठी थोडा वाकलेला. खांद्यावर भुईमुगाच्या शेंगांचं पोतं. कबनूरहून आलेला कृष्णात. यंत्रमागावर काम करायचा. पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची, त्यामुळे तालमीत जायला जमत नसे, म्हणून त्याने माझी बाराही टपालं घेतली होती.

“वस्ताद हायत का?”

“मीच.”

“न्हवं, वस्ताद. नरसिंगराव.”

“मीच तो.”

तो बराच वेळ माझ्या मागे बघत राहिला. तिथे आणखी कोणी असेल तर बाहेर यायला त्याने भरपूर सवड दिली. शेवटी मीनाक्षी म्हणाली, “हेच वस्ताद. आत्ताच दुखण्यातून उठलेत.” तिच्या आवाजात काहीतरी असावं, कारण कृष्णातने पोतं खाली ठेवून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. माझे पाय दिसेनासे झाले.

“जाहिरातीत लिवलंय न्हवं, शंका असंल तर समक्ष भेटा? माझी एकच शंका हाय, वस्ताद. मी खरंच पैलवान झालोय का?”

ही शंका त्याच्यापुरती नव्हती. सगळ्या धंद्याची तीच शंका होती. दादा कुंपणावरून ऐकत होते. ते म्हणाले, “उद्या सकाळीच निरसन होईल.”

दिवेलागणीला असं लक्षात आलं की कृष्णातकडे धड लंगोट नाही. मीनाक्षी म्हणाली, “मी शिवते.” ती मशीनवर बसली, तो समोर जमिनीवर. मी आणि दादा ओट्यावर डावपेच ठरवत होतो. आतून मशीनचा आवाज येई, मधून मधून त्यांचं बोलणंही. मी लक्ष दिलं नाही. शिवणातलं मला काय कळतंय!

रविवारी सकाळी तालीम भरलेली. खिडकीतही माणसं. मला पहिल्यांदा कळलं की आतून ती खिडकी केवढी दिसते, आणि इतकी वर्षं तिच्यात माझं डोकं सगळ्यांना दिसत होतं. हलगीवाला हलगी शेकून तयार. मी धोतर, कोट, टोपी अशा पोशाखात, कारण दाखला घ्यायला मी नेहमी कोट घालून जातो. कृष्णात लाल मातीच्या हौद्यात उतरला. नव्या लंगोटाची शिलाई काय सरळ होती! तिकडे आकाराम वस्तादांचा पोरगा अजून दंड चोळत बाहेरच उभा होता.

दादा माझ्या कानाशी लागले. “पठ्ठ्याला आशीर्वाद द्या. वस्ताद स्वतः जाऊन अंगाला माती लावतात. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.”

दादांनी पाहिलं होतं, ते खोटं नव्हतं. फक्त ती माती वस्ताद लावतो ती हौद्याबाहेर. हौद्याच्या आत उतरून जो समोरच्याच्या अंगाला माती लावतो, त्याने कुस्ती धरली असा अर्थ होतो. पैलवान एकमेकांना माती लावतात आणि सलामी होते. हे गल्लीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मला नव्हतं, कारण खिडकीतून हौद्याची कड दिसायची नाही.

मी वहाणा काढल्या, हौद्यात उतरलो, मूठभर माती घेतली आणि कृष्णातच्या छातीला मोठ्या मायेने लावली.

हलगी कडाडली. खिडकीतून शिट्टी आली. कृष्णातचे डोळे विस्फारले. त्याने हलक्या आवाजात विचारलं, “वस्ताद, हे काय केलंसा? माती लावलीसा!”

“आशीर्वाद आहे रे.”

“आता हात द्यावा लागतोय. माती लावल्यावर माघारी जाता येत न्हाय. तालमीचा अपमान हुतोय.”

मी आकाराम वस्तादांकडे पाहिलं. ते हाताची घडी घालून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच माझ्याबद्दल आदर होता. ते म्हणाले, “वा! सोताच्याच पठ्ठ्याला धरलं! अशी छाती पायजे. मारा कुस्ती, आत्ता देतो दाखला.”

कोट काढायला सवड मिळाली नाही. आम्ही सलामी दिली. पुढचं मी जसं घडलं तसंच सांगतो. कृष्णात बैलासारखा अंगावर आला. मी बाजूला झालो. तो पुन्हा आला. मी त्याच्या डाव्या बगलेतून शिरलो आणि लावला अकरा नंबरचा डाव, धोबीपछाड, माझ्या अकराव्या टपालात छापलाय तसा, अगदी डावरा. एकदा फिरवला. दुसऱ्यांदा फिरवला, तेव्हा त्याची सावली हौद्याच्या चारी कोपऱ्यांवरून गेली. तिसऱ्यांदा मी त्याला सोडला. जमीन हादरली. खिडकीची काच निखळून पडली. तिथे आजही पुठ्ठा लावलेला आहे. कृष्णात चीत, मी त्याच्या छातीवर, आणि टोपी डोक्यावर जागच्या जागी.

वस्तादांनी दाखला दिला. तालमीत कागद नव्हता, म्हणून मी कोटाच्या खिशातून दिला. सोमवारी साहेबांनी तो वाचला, मला पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि या वेळी पायापाशी पोचल्यावर उठून उभे राहिले. परवानगी मिळाली. मशीन राहिलं. ते आत चाललंय तेच.

पिराजी म्हणाला, “आणि त्या कृष्णातचं पुढं काय झालं, अण्णा? पावण्यांना सांगा की.”

मी म्हणालो, “आकाराम वस्तादांनी त्याला तालमीत ठेवून घेतला. म्हणाले, हा फिरताना सुद्धा काय डौलात फिरला. मोठा पैलवान झाला. पुढे पंजाबकडे गेला आणि तिकडेच वारला बिचारा. शेवटपर्यंत म्हणत होता म्हणे, आयुष्यात मला एकानेच खरी माती दाखवली. मेलेल्या माणसाच्या नावावर मी खोटं कशाला सांगू?”

“खोटं!”

एवढा मोठा आवाज त्या हलगीनंतर मी पुन्हा ऐकला नव्हता. पावणं उठून उभं राहिलं होतं, आणि उभं राहिल्यावर ते ओट्याच्या छपराला लागत होतं. त्याने मफलर काढला. दोन्ही बाजूंना वाळकी अंजिरं.

आतलं मशीन थांबलं.

“एक तर मी मेलेलो न्हाय,” पावणं म्हणालं. “मी कबनुरात हाय, नातवंडं हायत. आणि वस्ताद, अकरा नंबरचा डाव? आवो, तुम्ही डोळं गच्च मिटून, दोनी हातांनी माझा लंगोट धरून लोंबकळत हुतासा की! फिरत हुतो त्यो मी, तुम्ही सुटावासा म्हणून! पन तुम्ही सुटंना, आणि लंगोट फाटंना, शिलाईच तशी वैनींची! आदल्या सांजंला त्या मला म्हणल्या हुत्या, पैलवान, दाखला न्हाय मिळाला तर हे मशीन दुकानदार घिऊन जातोय. आता त्याच मशीनवरचा लंगोट माझ्या अंगात, आणि त्याला तुम्ही लटकलेलं! मग काय करतोय? हळूच आपनच पाठीवर निजलो, आणि तुम्हाला लागू ने म्हणून छातीवर घेटलं!”